तळ्याकाठची विचारपूस

मुलांनो, डोंगरापलीकडच्या एका रानात एक टिटवी राहायची. तिचा पाय म्हणून एका जागी ठरत नसे. त्या रानातले तळे साफ ठेवायचे काम सिंहाने कोल्ह्यावर सोपवले होते आणि त्याबद्दल कोल्ह्याला राजाच्या शिकारीतला वाटा मिळे. आता दुसरे तळेही त्यालाच द्यावे, असे सिंहाच्या मनात आले. त्याने टिटवीला बोलावले. "प्राणी खूश आहेत का, ते जरा विचारून ये."

टिटवी तळ्यावर गेली. कोल्हा मोठ्या अगत्याने तिच्या बरोबरीने फिरू लागला. "पाणी झकास आहे," रानडुक्कर म्हणाले. माकडाने आधी कोल्ह्याकडे पाहिले, मग म्हटले, "काही तक्रार नाही बुवा!"

"ऐकलंस ना? मग जा, राजाला सांग," कोल्हा म्हणाला.

टिटवी निघाली खरी, पण तिला चैन पडेना. काठाशी तर शेवाळ माजले होते. आणि हरणे? एकही हरीण कसे दिसले नाही? सिंहाच्या गुहेच्या दिशेने ती उडे, पुन्हा माघारी वळे. शेवटी न राहवून ती थेट नदीवर गेली. तिथे हरणांचा कळप भीत भीत पाणी पीत होता. एक हरिणी लंगडत होती. मगरीने तिचा पाय धरला होता. ती कशीबशी सुटली होती.

"अगं, तळं सोडून इथं मगरीच्या तोंडी कशाला येता?"

"त्या पाण्यानं पाडसं आजारी पडली गं."

"मग हे कुणाला बोलला का नाहीत?"

"विचारायला इथं आलंय कोण?" हरिणी म्हणाली.

टिटवी तशीच सिंहाकडे धावली. सिंह आपल्या गुहेजवळच्या झऱ्याचे पाणी पिई, त्याला तळ्याची काय कल्पना!

"पण तळ्यावर सगळे खूश आहेत ना?" त्याने विचारले.

"महाराज, तळ्यावर कोल्हा सोबत होता. आणि जे नाखूश आहेत, ते तळ्यावर येतच नाहीत!"

सिंह स्वतः तळ्यावर गेला. पाण्याला तोंड लावले आणि थुंकून टाकले. कोल्ह्याचे काम त्याच दिवशी गेले. हत्तींनी गाळ उपसला, शेवाळ काढले.

पुढे एकदा टिटवीला ती हरिणी तळ्यावर दिसली. "कसं आहे आता पाणी?" तिने अधीरपणे विचारले. पाडसाला शेजारी घेऊन हरिणी पाणी पीतच राहिली.

तात्पर्य : काम कसे चालले आहे हे जाणून घ्यायचे, तर काम करणाऱ्यासमोर विचारू नये, आणि जे पाठ फिरवून गेले, त्यांना शोधून विचारावे.