पहिल्या हाकेची ठकू

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारू नका. ते आकडा सांगतील आणि तो चुकीचा असेल. एवढं खरं की तेव्हाही तिवरखोल गाव आजच्यासारखंच खाडीच्या काठाला बसलेलं होतं, मागे डोंगर आणि पुढे चिखल, आणि त्या गावात ठकू नावाची एक बाई राहायची.

तिवरखोलात एक रीत होती. कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसरी आली की मगच तोंड उघडायचं. कारण खाडीत गिऱ्हा राहतो, पाण्यातलं भूत, आणि तो माणसाला नावाने हाक मारतो, पण एकदाच. जो ओ देईल त्याला ओढून नेतो. तीनदा हाक मारतो तो माणूस. गिऱ्ह्याला तीनपर्यंत मोजता येत नाही, असं जुनी माणसं सांगत. गिऱ्हा पाहिला होता कुणी? कुणीच नाही. पण म्हाताऱ्यांनी सांगितलं म्हणजे संपलं. म्हातारी माणसं शहाणी असतात, असं म्हणतात. कोण म्हणतं? म्हातारीच.

त्यामुळे गावात कसं चाले ते ऐका. पाहुणा कुंपणाशी उभा राहून घसा सुकवी आणि घरातले आत गप्प. आई पोराला जेवायला तीनदा बोलवी, तोवर आमटी निवे. एकदा गुरवाच्या गवताच्या गंजीने पेट घेतला. शेजारी बोंबलला. गुरव ओटीवर बसून एक म्हणाला, दोन म्हणाला, आणि तिसऱ्या हाकेला उठला तेव्हा गंजीची राख झाली होती. "गंजी ग्येली तर ग्येली," गुरव छाती काढून सांगे, "पण रीत मोडूक नाय!" आणि चार म्हातारे माना डोलवीत.

या गावात ठकू एकटी पहिल्या हाकेला ओ द्यायची.

ती लोकांच्या घरी भात कांडायची. नवरा लवकर गेला, मूल नव्हतं, झोपडी होती आणि हातात जोर होता. आई मरताना तिला एक गोष्ट सांगून गेली होती. "ठकू, देव परत्येकाक हाक मारता. नावान मारता. पण एकदाच. चुकवू नको गे बाय." बस्स. आई गेली आणि ते वाक्य ठकूच्या कानात राहिलं. देवाची हाक कुणाच्या आवाजात येईल, कुठून येईल, हे आईने सांगितलं नव्हतं. मग ठकूने ठरवलं की येईल त्या हाकेला ओ द्यायची. त्यातली एक त्याची असेलच.

म्हणून कुणी "ठकूऽऽ" म्हटलं की तिच्या हातातलं मुसळ खाली पडे. "ओ! इलंय!" म्हणजे आलेच. आणि ती खरोखर धावत येई. कुणाला दोर पाहिजे असे, कुणाला म्हैस धरायला माणूस. पोरं काजूच्या झाडामागे लपून घोगऱ्या आवाजात तिला हाक मारीत, आणि ती उन्हातून धापा टाकत यायची, झाडामागे वाकून बघायची. "तू काय रे? बरा. माका वाटला तो." एवढं बोलून त्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवून परत जायची. असं म्हणतात की तिने टिटवीलाही ओ दिली होती. तोवर इकडे उखळातलं भात कोंबड्या खाऊन जात, आणि घरधनीण कमरेवर हात ठेवून उभी असे.

"ग्येललंस खय?"

"हाक इली."

"कोणाची?"

"ता अजून कळूक नाय."

मग एका वर्षी गावात तापाची साथ आली. घराघरांत माणसं पडली. वैद्य आणायचा, पाणी उकळायचं, असं काही सुचायला हवं की नको? वडीलधारे देवळात जमले. गावाचा मानकरी आबा गावकर, मोठ्या मिशांचा आणि त्याहून मोठ्या आवाजाचा, तो पुढे बसला. देवाच्या दगडावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि कौल लावला. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गुरवाने विचारलं, "महाराजा, ठकू पयल्या हाकेक ओ देता म्हणान गिऱ्हो गावात शिरलो काय?" उजवी पाकळी पडली. पाकळ्या पडतातच. ओली पाकळी उभ्या दगडावर राहणार किती वेळ? पण ठरलं. ठकूने यापुढे पहिल्या हाकेला ओ दिली तर तिला वाळीत टाकायचं. काम नाही, चुलीला विस्तव नाही, विहिरीचं पाणी नाही.

ठकूने हात जोडले. "आबानू, आणि देवान हाक मारल्यान तर?"

"देव तिसऱ्यांदा मारीत. देवाक रीत कळता."

"आवस म्हणी, एकदाच मारता." ठकूने आईचं वाक्य पुढे केलं.

आबाने मिशीवरून हात फिरवला आणि हसला. "तुका? तुका कित्याक मारीत देव हाक? आमी मेलंव काय?"

सगळे हसले. ठकूने जोडलेले हात खाली घेतले. विहिरीचं पाणी बंद झालं तर माणूस किती दिवस बोलू शकतो?

त्या दिवसापासून ठकू गप्प झाली. हाक आली की ती पदराचा बोळा तोंडात कोंबायची. तांदूळ आता पांढरास्वच्छ निघू लागला, एक कणी नाही, कोंबड्या उपाशी, घरोघरच्या बायका खूश. ठकू मात्र वाळत चालली. प्रत्येक हाक कानावरून निघून जाई. ही तर नव्हती? ही गेली ती तर नव्हती? तिसऱ्या हाकेला ती ओ देई, पण तिला वाटे, तीनदा हाक मारणाऱ्याला आपली काय गरज? त्याला माहीतच असतं की आपण येणार. जो एकदाच मारतो, तो भरवशावर मारतो. त्या भरवशाचं काय करायचं?

चैत्र लागला, ताप मात्र गावातून हटला नव्हता. खाडीला ओहोटी होती आणि ऊन असं की वहाण काढली तर पाय भाजावा. गाव जेवायला बसलं होतं. ठकू आबा गावकराच्या खळ्यात कांडत होती. ओटीवर आबा पानावर बसला होता.

आणि खाडीकडून हाक आली.

"ठकूऽऽऽ"

ठकूचं मुसळ हवेतच राहिलं. तिने आबाकडे बघितलं. आबाचा घास हातातच थांबला होता. त्याने दुसऱ्या हाताचं एक बोट वर केलं. एक झाली, थांब. घराघरात तसंच झालं असं म्हणतात, हात थांबले, बोटं वर झाली, अख्खं गाव दुसऱ्या हाकेची वाट बघत बसलं. वारा पडला. टिटवी गप्प. दुसरी हाक येईना.

ठकूने एकदा विहिरीकडे बघितलं. मग मुसळ टाकलं.

"ओ! इलंय!"

एवढी मोठी ओ तिवरखोलाने कधी ऐकली नव्हती. चिखलातले खेकडे बिळात शिरले, होड्यांचे दोर सुटले, डोंगराने ती ओ घेतली आणि परत दिली. ठकू पळत सुटली. मागून आबा ओरडला, "ग्येली! मेली! पाणी बंद तुका!" ती थांबली नाही.

काठावर पोचली तर समोर, चिखलात खोलवर, आबाचा धाकटा भाऊ भिवा गळ्यापर्यंत रुतलेला. भिवा जन्माचा मुका. म्हशीचं पारडू चिखलात शिरलं म्हणून तो मागे गेला होता. ओहोटी सरून भरती लागली होती. पाणी त्याच्या हनुवटीला लागत होतं, आणि त्याचे डोळे एवढाले झाले होते.

तिवरखोलाचा चिखल बैल गिळतो. पण असं म्हणतात की त्या दिवशी त्याने ठकूचा पाय धरला नाही. शेणाने सारवलेल्या खळ्यावरून चालावं तशी ती चालत गेली. तिने वाकून भिवाच्या काखेत हात घातले आणि मुळा उपटावा तसा त्याला उपटला. मग पारडूही काढलं, खांद्यावर घेतलं, आणि दोघांना घेऊन आली.

तोवर गाव काठावर जमलं होतं. सगळ्यांत पुढे आबा.

"हाक ह्येनी मारूक नाय," ठकू म्हणाली. "ह्येका आवाज खय आसा? मगे कोणी मारल्यान?"

आबा तिथेच चिखलात मटकन बसला. मग म्हणाला, "माका आबा म्हणान हाक इली होती."

त्याची बायको पुढे आली. "आबा खय? द्वारके म्हणान इली. मी आयकलंय."

"गुरवा म्हणान," गुरव खाली मान घालून म्हणाला.

मग एकेक जण बोलू लागला. प्रत्येकाने आपलंच नाव ऐकलं होतं. लहान, मोठे, तापात पडलेले, सगळ्यांनी. आणि प्रत्येकजण बोट वर करून बसला होता.

ठकू सगळ्यांकडे बघत राहिली. आयुष्यभर तिला वाटत होतं की आपली हाक आपल्या एकटीची असेल. थोडा वेळ तिचा चेहरा उतरला, असं म्हणतात. मग ती हसली. अंगभर चिखल, खांद्यावर पारडू, आणि ती हसत सुटली.

"म्हणजे सगळ्यांका मारल्यान? मगे तुमी खय होतास?"

म्हाताऱ्यांनी अजून वरच राहिलेली बोटं हळूच खाली घेतली.

विहिरीचं पाणी तिला कुणी बंद केलं नाही. दुसऱ्या दिवशी आबाच्या घरातून कुणीतरी दोरासाठी हाक मारली आणि ठकू होती तशीच धावली, "ओ! इलंय!" आबाने तिला अडवलं. "आता कित्याक धावतंस गे? तुझी हाक येवन ग्येली मा? एकदाच येता ना ती?"

"आवस म्हणी तसा," ठकू म्हणाली. "पण आवशीक तरी काय ठावक? ती पण म्हातारीच होती." आणि ती दोर द्यायला गेली.

ती कधी मेली हे कुणाला माहीत नाही. असं म्हणतात की एका सकाळी कांडता कांडता ती "ओ" म्हणाली, आणि हाक मात्र दुसऱ्या कुणालाच ऐकू आली नव्हती.

आजही चैत्रात, भर दुपारी ओहोटी असेल त्या दिवशी, तिवरखोलात सगळं गाव जेवायला बसतं. कुणीतरी एक काठावर जाऊन उभा राहतो आणि एकच हाक मारतो. कुणाचंही नाव घेत नाही. आणि अख्ख्या गावाने पानावरून उठायचं, "ओ! इलंय!" म्हणून काठापर्यंत धावायचं. सगळ्यांत पुढे गावातला सगळ्यांत म्हातारा माणूस असायला हवा, असा नियम आहे. गुडघे दुखतात म्हणून चालत नाही. घास तोंडात असला तर तोंडात घास घेऊन.