जानकूने आवाज खाली आणला

समुद्राच्या अगदी काठावर एक वाडी होती. तिथे जानकू नावाचा म्हातारा राहायचा. जन्मभर बोंबलण्यापलीकडे त्याने काही केलं नाही. कोंबड्यांवर ओरडायचा, शेजाऱ्यांवर ओरडायचा, बायकोवर तर रोजच. त्यामुळे त्याचं कुणी ऐकत नसे.

एका अष्टमीला सकाळी जमीन हादरली. मडकी खडखडली, मग सगळं शांत झालं. थोड्या वेळाने समुद्र मागे सरकू लागला. अष्टमीला पाणी फार हटत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण बायकांना दिसले ते नवे उघडे पडलेले खडक आणि त्यांवरची कालवं. टोपल्या घेऊन सगळ्या धावल्या. जानकूची शेवंती सर्वांत पुढे.

जानकूला बापाचं बोलणं आठवलं. जमीन हलली आणि पाणी अवेळी पळालं की डोंगर गाठायचा, असं त्याचा बाप सांगायचा. बापानेही ते पाहिलं नव्हतं, आज्याने पाहिलं होतं. जानकू काठावरून बेंबीच्या देठापासून ओरडला. बायका हसल्या. म्हाताऱ्याचं रोजचंच, म्हणाल्या.

मग तो चिखल तुडवत खडकापर्यंत गेला आणि त्याने शेवंतीचा हात धरला.

"शेवंते," तो हळूच म्हणाला, "चाळीस वर्षं मी तुझं एक ऐकलं नाही. आज तू माझं ऐक. चल."

शेवंतीने टोपली तिथेच टाकली. जमीन हलली तेव्हा ती घाबरली नव्हती. नवरा मऊ बोलला तेव्हा घाबरली. बाकीच्याही घाबरल्या. पोरंबाळं, म्हातारेकोतारे घेऊन सगळी वाडी डोंगर चढली.

लाट आली. होड्या उलटवून, अंगणं भिजवून परत गेली. एवढंच होय, म्हणत लोक उतरायला निघाले. डोंगर चढताना जानकूने आपल्या बापाचं सगळं बोलणं शेवंतीला सांगितलं होतं. ती वाटेत फतकल मारून बसली.

"यांचा बाप सांगायचा, ती एकटी येत नाय. उतरायचं तर माझ्यावर पाय देऊन उतरा."

कुणी पाय उचलला नाही. भाकऱ्या थापून होतील एवढ्या वेळाने दुसरी लाट आली. खोल समुद्रात मासे मारणाऱ्यांच्या होड्या तिने हातभरही उचलल्या नव्हत्या. काठाशी, उथळात, मागचं पाणी पुढच्या पाण्यावर चढलं आणि माडाएवढं झालं. वाडी धुऊन गेली.

डोंगरावरची माणसं मोजली. सगळी होती. शेवंतीने खाली पाहिलं. तिची चूल कुठे होती तेही कळेना.

जानकूने तिला जवळ घेतलं.

"रड आता," तो म्हणाला. "आता वेळ आहे."

तात्पर्य: जमीन हलून समुद्र अवेळी मागे हटला तर उंचावर पळावं, आणि एक लाट गेली म्हणून खाली उतरू नये. शंभर वर्षांत एकदा येणारं संकट बापाने सांगितलेलं असेल तरच ओळखता येतं. आणि आपल्या माणसाला वाचवायचं तर नुसतं ओरडू नये, जाऊन हात धरावा.