धुण्याच्या पाण्यातलं सोनं

एका गावात एक सोनार होता, भिकूशेट. इतका संशयी, की स्वतःच्या सावलीला खिसे असते तर तेही तपासले असते. बायको तिजोरीची किल्ली बघेल म्हणून त्यानं लग्नसुद्धा केलं नाही. दुकानातला केर पाण्यात घोळून, गाळून, त्यातला सोन्याचा कण न् कण वेचायचा.

दुकानामागच्या खोलीत त्याचे वडील, आबा, अंथरुणाला खिळलेले. त्यांचं सगळं भिकूशेटची विधवा बहीण वच्छीआक्का करायची. खोलीची वाट दुकानातूनच. म्हणून तळव्याला सोन्याचा चुरा चिकटून जाईल या भीतीनं येता-जाता भिकूशेट तिला उंबऱ्यात पाय झटकायला लावायचा. आक्का गुमान झटकायची.

एकदा पाटलाच्या लेकीच्या लग्नाचे दागिने घडवायला आले. समोर एवढं सोनं बघून भिकूशेटचं डोकं फिरलं. ही सारखी चादरी काय धुते? फुकट एवढं कोण राबतं? नक्की चादरीला चुरा लावून नेते आणि नदीवर गाळून घेते.

तो म्हणाला, "आक्का, आबांचं मी बघतो. तू सासरी जा."

"जमेल ना रे?"

"सोनार आहे मी. बारीक कामाची सवय आहे."

आक्का गेली. भिकूशेट आबांना भरवायला बसला, तोवर गिऱ्हाईक परत गेलं. चादर बदलली, तोवर दुसरं गेलं. धुण्याचं पाणी त्यानं घमेल्यात साठवलं आणि गाळून गाळून बघितलं. सगळ्या आळीत वास सुटला. सोनं काही निघालं नाही. दागिन्यांना हात लावला की आतून आबांची हाक यायची. पगारी बाई बघितली, तर तिनं सांगितलेला पगार ऐकून त्यानं तिला दारातूनच परत पाठवलं. शेवटी लग्न तोंडावर आलं, तसं पाटलानं सोनं उचललं आणि दुसऱ्या सोनाराला दिलं.

भिकूशेट तोंड पाडून आक्काकडे गेला. म्हणाला, "घरी चल."

आक्कानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "परत फुकटात राबवायला नेतोयस? मग माझी कमाई तूच लपवतोयस."

भिकूशेटनं दोन्ही हात जोडले.

"येते. कमाईत वाटा घेईन. दुपारचं आबांजवळ तू बसायचंस." चपला घालताना ती थांबली. "आणि भिकू, आबांच्या खोलीत शिरताना आता पाय तू झटकायचेस."

तात्पर्य: म्हाताऱ्या माणसाचं करण्यात जाणारा वेळ फुकटचा नसतो, घरातल्या बाकीच्यांची कमाई त्याच्याच जिवावर चालते. संशय असेल तर एक दिवस चादर धुऊन बघा.