पहारेकरणीचा खिसा

एका शहरात एक मोठं इस्पितळ होतं. तिथे ऑपरेशनच्या खोलीला लागूनच दुसरी एक खोली होती आणि त्या खोलीत माणूस आत मावेल एवढं लोहचुंबक होतं. ऑपरेशन मध्येच थांबवायचं, पेशंटला पलंगासकट चुंबकात सरकवायचं, मेंदूचा फोटो काढायचा आणि काही उरलंय का ते बघून पुढचं काम करायचं, अशी तिथली रीत. चुंबक मोठं गुणाचं. पण लोखंड जवळ आलं की पिसाळायचं. कात्री असो, पिन असो, किल्ली असो, हातातून हिसकून घ्यायचं. वाटेत कुणाचं डोकं आहे, याची त्याला पर्वा नसे.

म्हणून त्या दारावर एक खास नर्स नेमली होती, कालिंदी सिस्टर. संशय घेणं हेच तिचं काम, आणि ते ती मन लावून करी. तिने एकदा एका वॉर्डबॉयच्या खिशातली कात्री उडताना पाहिली होती. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. ही तर पाणीसुद्धा फुंकून प्यायची. डॉक्टर हसून नमस्कार करत आले, तर तिला वाटे, हे आज एवढे गोड का? खिशात नक्की पेन असणार. आणि असायचंही! जो गप्प आला त्याच्यावर संशय, जो बोलत आला त्याच्यावर दुप्पट.

मागच्याच आठवड्यात तिने आंतोन ब्रदरला, म्हणजे तिथल्याच एका पुरुष नर्सला, चारचौघांत खिसे उलटे करायला लावले होते. कपाटाची किल्ली निघाली. "लहान पोराला कळतं, तुला कळत नाही?" असं ती सगळ्यांसमोर म्हणाली. तेव्हापासून आंतोन तिच्याशी कामापुरतंच बोले. हा काहीतरी डाव धरून आहे, असं तिच्या मनाने घेतलं.

एके दिवशी मैना नावाची लहान मुलगी ऑपरेशनला आली. डोक्यात गाठ होती. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली घोड्याच्या नालेची अंगठी होती. सिस्टरने ती काढायला हात घातला, तशी आई आडवी आली.

"बाई, येवढी ऱ्हाऊ द्या. साडेसाती हाय पोरीला."

"आत शनीचं चालत नाही, चुंबकाचं चालतं."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग तुमच्यापाशी तरी ठिवा. पोरीच्या आसपास असंल."

सिस्टरला कळवळा आला. एरवी असल्या वस्तू ती कुलपाच्या डब्यात टाकी. पण डबा पलीकडे होता आणि दाराशी माणसं खोळंबली होती. तिने अंगठी आपल्या खिशात टाकली. मग लगेच तिला आईचाच संशय आला. ही बाई एवढ्यात कशी ऐकली? दुसरी कुठे बांधली असेल! तिने पोरीचे केस चाचपले, कंबर चाचपली, पायाची बोटंसुद्धा पाहिली. कुठे काही नव्हतं. या शोधाशोधीत खिशातली अंगठी ती साफ विसरली.

ऑपरेशन सुरू झालं. गाठ काढली. आता फोटो काढायचा होता. कवटी उघडी, त्यावर नुसतं फडकं झाकलेलं, आणि मैना गाढ झोपेत. सिस्टरने एकेकाची झडती घेतली आणि पलंगापुढे होऊन दाराला हात घातला.

तेवढ्यात आंतोन म्हणाला, "सिस्टर, सगळ्यांची झाली. तुमची?"

सिस्टरची कानशिलं तापली. हा सूड उगवतोय, तिला वाटलं. आणि या वेळी तिचा संशय खरा होता. आंतोनला तिची जिरवायचीच होती. "नियम मी केलेत," असं म्हणून ती सरळ आत जाऊ शकली असती. तिला कोण अडवणार होतं?

पण तिची नजर त्या झाकलेल्या डोक्यावर गेली. तिने हात पसरले. "बघ."

आंतोनने लोखंड शोधायची कांडी फिरवली. कांडी ओरडली. सिस्टरने खिशात हात घातला आणि मैनाची अंगठी बाहेर काढून सगळ्यांपुढे धरली. ती तशीच आत गेली असती, तर पोरीला चुंबकात सरकवताना ती अंगठी खिशातून सुटून चुंबकाकडे, म्हणजे पोरीच्या उघड्या डोक्याकडेच झेपावली असती. आंतोनचा चेहरा उतरला. त्याला फक्त गंमत बघायची होती.

"आणखी बघ," सिस्टर म्हणाली. "माझ्यावर भरवसा ठेवू नकोस."

मग फोटो निघाला. गाठीचा एक तुकडा उरला होता, डॉक्टरांनी तोही काढला. मैना वाचली. सिस्टरने अंगठी स्वतः आईच्या हातात दिली आणि आपल्या हातून काय होणार होतं, तेही सांगून टाकलं.

संध्याकाळी आंतोन खाली मान घालून आला. "सिस्टर, मी ते खुन्नसनं विचारलं होतं."

"ठाऊक आहे मला," सिस्टर म्हणाली. "उद्याही विचार."

तात्पर्य: विचारणाऱ्याचा हेतू वाकडा असला म्हणून प्रश्न वाकडा ठरत नाही; आणि जगावर संशय घेणाऱ्याने पहिली झडती आपली द्यावी.