अंदाजे गॅलन

दौलतराव इनामदार विलायतेहून परतले ते तोंडात गॅलन घेऊनच. तालमीच्या दारात उभं राहून त्यांनी सगळ्यांना ऐकवलं, "आप्पाण्णा पैलवान आमच्या नावानं लढणार, आणि त्याला रोज एक गॅलन दूध! गॅलन म्हणजे किती? साडेचार लिटर आणि वर घोटभर!"

गाव खूश झालं. पण इनामदारांच्या किटलीतून रोज चारच लिटर दूध येऊ लागलं. आप्पाण्णानं विचारलं, तर दौलतराव हसले. "अरे, हिशेब सुटसुटीत केला. अंदाजे तेवढंच की! एवढ्या-तेवढ्यानं काय अडतं?"

आप्पाण्णानं मान डोलावली आणि तो शब्द जपून ठेवला.

जत्रेतल्या कुस्तीला दौलतराव बडे पाहुणे घेऊन पुढच्याच खुर्चीत बसले. आप्पाण्णानं समोरच्या गड्याला उचलून आपटलं, त्याचा एक खांदा मातीला टेकवला. दुसरा चार बोटं वर होता, आणि आप्पाण्णा तसाच त्याला धरून थांबला.

"अरे, दाब की!" दौलतराव ओरडले.

"टेकलाय की, इनामदार," आप्पाण्णा म्हणाला. "अंदाजे."

"दोन्ही खांदे टेकल्याशिवाय कुस्ती होते होय?"

"एवढ्या-तेवढ्यानं काय अडतंय?"

मैदानात हशा पिकला. खालचा गडी सुटायला धडपडत होता, पाहुणे दौलतरावांच्या तोंडाकडे बघत होते. शेवटी इनामदार खुर्चीवरून उठले आणि किंचाळले, "साडेचार लिटर! आणि वर घोटभर!"

आप्पाण्णानं नुसता गुडघा रेटला. दुसरा खांदा मातीला लागला, आणि तो काही अंदाजे नव्हता.