पट्ट्याच्या आतली खुर्ची

आमचे नगराध्यक्ष भाऊसाहेब घोरबांड यांनी स्टेशन रोडच्या कडेला एक पांढरा पट्टा मारून घेतला आणि त्यालाच सायकल ट्रॅक म्हणायला सुरुवात केली. रोज सायकलवरून शाळेत शिकवायला जाणाऱ्या कुमुदताई पेठकर त्यांना जाऊन भेटल्या.

"भाऊसाहेब, कठडा हवा. बस अंगावर येतात."

"ताई, माझ्या पट्ट्याच्या आत यायची हिंमत आहे कोणाची?" असं म्हणून भाऊसाहेबांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

ताईंनी उद्घाटनाची तयारी स्वतःकडे मागून घेतली आणि सत्काराची खुर्ची बरोबर पट्ट्याच्या आत मांडली. भाऊसाहेब फेटा बांधून ऐटीत बसले, तोच एक बस इतकी खेटून गेली की फेटा मांडीवर आला.

"मारता की काय माणसाला? आधी बांबू बांधा इथं," भाऊसाहेब खुर्चीमागे जाऊन ओरडले.

"बांबू कशाला? तुम्ही पट्ट्याच्या आतच आहात," ताई म्हणाल्या.

चौकापर्यंत बांबू बांधले, तेव्हाच नारळ फुटला.

संध्याकाळी मंडपवाला बांबू सोडायला आला. ताईंनी सायकल आडवी घातली. "खुशाल सोड. फक्त त्याआधी भाऊसाहेबांना बोलावून परत त्याच खुर्चीत बसव."

बांबू अजून तिथंच आहेत.