तारेखालचा गोळा

मातीला अजून वाचा होती, त्या काळी एका कलाशाळेत मातीचा एक गोळा राहत होता. दुसऱ्या वर्षाची केतकी त्याला रोज चाकावर चढवून उंच बरणी घडवायची. मग मोहिते सर यायचे, बारीक तारेने ती ओली बरणी वरपासून खालपर्यंत उभी चिरायचे आणि म्हणायचे, "बघ, तळाशी किती जाड राहिलीय. परत कर!"

आठ दिवसांत गोळा आठदा चिरला गेला. फळीवरची निळ्या झिलईची जुनी बरणी त्याला हसली. "मी पहिल्याच दिवशी भट्टीत गेले. मला चिरायची कुणाची छाती झाली नाही."

गोळ्याला ते फार लागलं. पण केतकी त्याला पुन्हा मळू लागली, तसा तो हट्टाला पेटला. नवव्या दिवशी तो तळाशी जराही साचून राहिला नाही, सगळा वर चढला. सरांनी बरणी चारी बाजूंनी पाहिली आणि तार खिशात ठेवली. "ही भाजायला ठेव."

"सुटलास रे बाबा!" निळी बरणी म्हणाली.

पण केतकीने हात पुढे केला. "सर, तार द्या. आतून पाहिल्याशिवाय मला कळायचं नाही."

"अरे, मोडशील!" निळी बरणी ओरडली.

"मोडू दे," गोळा म्हणाला. "माझं पोट मला बघायचंय. तुझं तू कधी पाहिलंयस?"

तार सरळ खाली उतरली. भिंत वरपासून तळापर्यंत एकसारखी होती.

फळीवरच्या निळ्या बरणीला मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच आपला तळ जड वाटला.